वाचक विचारतात: ‘द हेल्प’ पाहून रडायचं की नाही?

मागच्या अंकात ‘द हेल्प’ या २०११ सालच्या अमेरिकन चित्रपटावर मी जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या, त्यावर पत्रं मात्र भरपूर आली. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून निवडक घेतली आहेत. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात अशी: मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन शहर, साल १९६३. कॉलेज संपवून घरी परतलेली स्कीटर ही गोरी मुलगी, गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांच्या हकिगती गुपचूप उतरवून घेते आणि त्यांचं पुस्तक काढते. एबिलीन आणि मिनी या दोघी सगळ्यांच्या आधी बोलायला तयार होतात. गावातल्या बायकांची पुढारी हिली, ही घरोघरी कामवालीसाठी वेगळा संडास बांधायलाच हवा म्हणून मागे लागलेली असते. बाकी संदर्भ उत्तरांत येतीलच.

ताई, नमस्कार. तुमचं वाचून मी आणि आमच्या यजमानांनी ‘द हेल्प’ पाहिला. एबिलीन तिने सांभाळलेल्या लहानगीचा निरोप घेते तिथे मला हुंदका आवरेना. मुलगी अटलांटाला असते. तिला फोनवर कौतुकाने सांगायला गेले, तर म्हणते, ‘‘आई, गोऱ्या लोकांना स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून काढलेला सिनेमा आहे तो. इथे आता कुणी त्याचं नाव काढत नाही.’’ मला रागच आला. मग माझं रडू काय खोटं होतं? – एक वाचक, ठाणे

रडू अजिबात खोटं नव्हतं. एबिलीनचं काम करणारी व्हायोला डेव्हिस समोर असल्यावर रडू न येणाऱ्या माणसाचीच मला काळजी वाटेल. तो वेगळ्या संडासाचा प्रसंग आठवा. गाडी ठेवायच्या जागेत कोपऱ्यात फळ्या ठोकून एक खोकं उभं केलंय. आता तुला स्वतःचं वेगळं झालं, छान ना, असं एबिलीनला विचारलं जातं. विचारणाऱ्यांना आभार अपेक्षित आहेत. आणि ती ‘हो बाई’ म्हणते. चेहऱ्यावरची एक रेष हलत नाही, आवाजात काडीचाही फरक पडत नाही, तरी पन्नाशीच्या बाईने आयुष्यभर असे किती ‘हो बाई’ गिळलेत ते कळतं. मी कॉलेजात ग्रंथपाल होते, या विषयावरची पुस्तकं हाताखालून गेली आहेत. त्यातल्या कित्येक प्रकरणांना जे जमलं नाही ते या बाईने दोन शब्दांत केलं.

पण तुमच्या लेकीचंही चुकत नाहीये. खुद्द व्हायोला डेव्हिसनेच २०१८ साली सांगितलं की हा चित्रपट केल्याची तिला खंत वाटते, कारण शेवटी पाहता कामवाल्यांचा आवाज त्यात ऐकू येत नाही. सहकलाकारांबद्दल तिची तक्रार नव्हती, त्यांच्यावर तिचा जीवच आहे. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाली आणि अमेरिकेत लोक घरी बसून भराभर ‘द हेल्प’ पाहू लागले, इतका की नेटफ्लिक्सवर तो पहिल्या क्रमांकावर गेला. तेव्हा हिलीचं काम केलेल्या ब्राइस डॅलस हॉवर्डनेच जाहीर लिहिलं की ही गोऱ्या पात्राच्या नजरेतून आणि बहुतांशी गोऱ्या लोकांनी सांगितलेली कल्पित कथा आहे, याहून चांगलं पाहण्यासारखं पुष्कळ आहे. स्वतःच्या गाजलेल्या सिनेमाबद्दल असं बोलायला जिगर लागते.

चित्रपट आला त्याच वर्षी कृष्णवर्णीय स्त्री इतिहासकारांच्या संघटनेने एक खुलं निवेदन काढलं होतं. त्यातला एक मुद्दा मला फार पटतो. १२ जून १९६३ च्या रात्री जॅक्सनमध्ये मेडगर एव्हर्स या नागरी हक्क चळवळीच्या नेत्याला त्याच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. चित्रपटात काय दिसतं? बस थांबते, काळ्या उतारूंना खाली उतरवतात, एबिलीन अंधारात जीव घेऊन पळते, धडपडते, मिनीच्या घरी सगळे रेडिओभोवती अंग चोरून बसतात. भीती होतीच, नाही कोण म्हणतं? पण जॅक्सनचे काळे लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. ते रस्त्यावर उतरले, अंत्ययात्रेनंतर पोलिसांच्या समोर उभे राहिले. त्याच्या दोनच आठवडे आधी याच शहरात वुलवर्थ या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर कॉलेजची मुलं ठिय्या देऊन बसली होती आणि जमावाने त्यांच्या डोक्यांवर साखर, केचप, मोहरीची चटणी ओतली होती. हे सगळं स्कीटरच्या घरापासून गाडीने काही मिनिटांवर घडत होतं. चित्रपटात मात्र अख्ख्या शहराला धीर द्यायला एका गोऱ्या मुलीच्या टाइपरायटरची वाट पाहावी लागते.

आणखी एक. चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण ग्रीनवुड या गावात झालं. हिरवळ, पांढरे खांब, झुलत्या खुर्च्या, सगळं देखणं. एव्हर्सचा मारेकरी बायरन डी ला बेकविथ याच गावचा, खतं विकणारा माणूस. १९६४ मध्ये दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा सगळ्या गोऱ्या ज्यूरींचं एकमत झालं नाही. शिक्षा झाली ती १९९४ मध्ये. हे कळल्यावर ते खांब मला पूर्वीसारखे देखणे दिसेनात.

आता माझं स्वतःचं म्हणणं. मला हिलीची अडचण वाटते. ती इतकी दुष्ट आहे की आपण निवांत होतो. आपल्यातलं कुणी हिली नसतंच! आपण सगळ्या स्कीटर. पुन्हा कधी पाहाल तेव्हा हिलीकडे बघूच नका, एबिलीनच्या मालकिणीकडे, एलिझाबेथकडे बघा. तिच्याकडे पैशांची ओढाताण आहे, हिलीच्या गटात टिकून राहायची धडपड आहे. संडास बांधायची हौस तिची नाही, पण हिली काय म्हणेल या धाकाने ती बांधते. शेवटी हिली एबिलीनवर चांदीचे चमचे चोरल्याचा आळ घेते, तेव्हा एलिझाबेथ बाजूला उभी आहे. एबिलीन चोर नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते आणि गप्प बसते. ज्या बाईने तिची पोर वाढवली तिला जाऊ देते. मिसिसिपी चालत होतं ते अशा एलिझाबेथांवर. हिली गावात एखादीच असते.

पुरुष तर चित्रपटात जवळपास नाहीतच, हेही लक्षात घ्या. परक्या घरी एकट्या राबणाऱ्या बाईला घरमालकाचीही भीती असे, हे त्या काळच्या कृष्णवर्णीय बायकांनी उघड सांगून ठेवलंय. इतिहासकारांच्या निवेदनात तोही आक्षेप आहे. चित्रपटाने त्या दिशेला नजरच टाकली नाही.

मुलगी अटलांटात आहे म्हणता, तर तिला डोरोथी बोल्डन हे नाव सांगा. नऊ वर्षांची असताना ही पोर घरकामाला लागली. मोठेपणी बसमधून कामावर जाता-येता शेजारच्या सीटवरच्या बायकांशी पगाराची बोलणी करत करत तिने १९६८ मध्ये तिथे घरकामगारांची संघटना उभी केली. सभासद व्हायचं तर मतदार म्हणून नाव नोंदवायलाच हवं, ही तिची अट. टाइपरायटर घेऊन कुणी तिच्या दारी आलं नव्हतं.

मिनी हिलीला जो ‘पाय’ (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) खायला घालते तो प्रसंग आमच्या महिला मंडळात सगळ्यांनी टाळ्या वाजवून पाहिला. मला एकटीला किळस आली. माझ्यातच काही बिघडलंय का? – एक वाचक, नाशिक

काही बिघडलेलं नाही. (मिनीने त्यात काय मिसळलं होतं ते, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी विचारू नये, जेवण व्हायचं असेल तर नक्कीच नको.) मीही हसले, पण दुसऱ्यांदा पाहताना मला पटेना. १९६३ च्या जॅक्सनमध्ये असा प्रकार करून वर तो स्वतःच्या तोंडाने सांगणारी बाई धडधाकट घरी गेली असती का? मिसिसिपी सरकारने १९५६ मध्ये ‘सॉव्हरेन्टी कमिशन’ नावाचं खातं काढलं होतं, ते चळवळीतल्या माणसांवर सरकारी पैशांनी पाळत ठेवायचं. गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक बरोबरीची बाजू मांडणारं काही छापणं हा १९२० पासून राज्यात गुन्हा होता, पाचशे डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिने कैद. असल्या कायद्यांची पुस्तिका स्कीटर चाळते तो प्रसंग चित्रपटात आहे, पण तिथून पुढे चाळून बाजूला ठेवल्यासारखंच झालंय.

त्या पायऐवजी मला खरेखुरे पाय आठवतात. माँटगोमेरी शहर, शेजारचं अलाबामा राज्य. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध ५ डिसेंबर १९५५ पासून काळ्या लोकांनी शहरातल्या बसवर बहिष्कार टाकला, तो ३८१ दिवस चालला. त्या बसमध्ये रोज बसणाऱ्यांत मोठा भरणा घरकामाला जाणाऱ्या बायकांचा होता. त्या चालत जाऊ लागल्या. ज्यांना चालणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी चर्चनी गाड्या घेतल्या, पण पेट्रोल, टायर, विमा, पैसे आणायचे कुठून? जॉर्जिया गिलमोर नावाची एक स्वयंपाकीण होती. तिने बायका जमवल्या. कुणी कोंबडी तळली, कुणी रताळ्याचे पाय केले, कुणी केक. ब्युटी पार्लरमध्ये, टॅक्सीच्या अड्ड्यांवर, कधी गोऱ्या गिऱ्हाइकांनाही विकले आणि पैसे सभेत आणून दिले. गटाचं नाव ठेवलं ‘द क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार: कुठूनच नाही! कारण खरं नाव कळलं असतं तर त्या बायकांच्या नोकऱ्या गेल्या असत्या.

गिलमोरबाई बहिष्काराच्या खटल्यात कोर्टात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बाजूने साक्ष द्यायला उभ्या राहिल्या आणि त्यांची नोकरी गेलीच. मग किंग यांच्या पाठबळावर घरीच खाणावळ सुरू केली, आणि चळवळीतली माणसं तिथे जेवायला येऊ लागली. हिलीच्या पायवर टाळ्या पडतात, चालायचंच. पण गोऱ्याने एक तुकडा विकत घ्यावा आणि त्याच पैशांचं पेट्रोल बहिष्काराच्या गाडीत पडावं, यात जी गंमत आहे ती पटकथाकाराला सुचली नसती.

एबिलीनला तासाला ९५ सेंट मिळतात असं चित्रपटाच्या सुरुवातीलाच येतं. त्या काळात ही रक्कम काही कमी नव्हती. मी बँकेत होतो म्हणून हिशेबाचा प्रश्न विचारतो. उगाच कणव दाखवली आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

बँकवाल्यांना बँकेच्या भाषेतच उत्तर देते. सकाळी आठ ते दुपारी चार, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे ४८ तास. ९५ सेंटने ४५ डॉलर ६० सेंट. चार आठवड्यांचे साधारण १८२, चित्रपटात हाच आकडा ती सांगते.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतलं किमान वेतन १९६३ च्या उन्हाळ्यात तासाला १ डॉलर १५ सेंट होतं आणि सप्टेंबरमध्ये ते सव्वा डॉलर झालं. चाळीस तासांच्या वर काम झालं तर दीडपट. जुन्या दराने जरी धरलं तरी चाळीस तासांचे ४६ डॉलर आणि वरच्या आठ तासांचे १३ डॉलर ८० सेंट, एकूण ५९ डॉलर ८० सेंट. म्हणजे आठवड्याला १४ डॉलर २० सेंट एबिलीनच्या हातात पडतच नव्हते, आणि हे पूर्ण कायदेशीर होतं. किमान वेतनाचा कायदा झाला १९३८ मध्ये, पण घरकाम आणि शेतमजुरी त्यातून वगळली गेली. घरकामगारांना तो लागू झाला १९७४ मध्ये. निवृत्तिवेतनाचा १९३५ चा कायदाही तसाच, घरकाम त्यात १९५० पर्यंत नव्हतं. १९४० च्या सुमाराला अमेरिकेत नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी जवळपास साठ टक्के घरकामात होत्या. कायद्यात ‘काळ्या’ हा शब्द घालायची गरजच पडली नाही.

आणि आता चित्रपटातल्या, हिलीकडे कामाला असलेल्या युल मेची गोष्ट घ्या. जुळ्या मुलांच्या कॉलेजच्या फीला ७५ डॉलर कमी पडतात म्हणून ती हिलीकडे उसने मागते. हिली तिला स्वावलंबनावर प्रवचन ऐकवते. पुढे सोफ्यामागे सापडलेली अंगठी ती विकते आणि बेड्या पडतात. एबिलीनच्याच दराने धरलं तर हे ७५ डॉलर म्हणजे पाच-सव्वापाच आठवड्यांचा तोच फरक, जो कायद्याने मालकिणीच्या खिशात ठेवला होता. कणव राहू द्या, मला तर यात वसुलीचा दावा दिसतो.

ऑक्टेव्हिया स्पेन्सरला ऑस्कर मिळालं की! मग एवढी टीका कशाला? – एक वाचक, पणजी

मिळालं, २०१२ च्या फेब्रुवारीत, आणि मिनीच्या भूमिकेसाठी ते योग्यच होतं. पण त्याला जोडून हॅटी मॅकडॅनियलची गोष्ट वाचा. ऑस्कर मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार, १९४० मध्ये, तीही ‘गॉन विथ द विंड’मधल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी. चित्रपटाचा पहिला खेळ डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात झाला, तिथे वर्णभेदाच्या नियमांमुळे तिला जाता आलं नाही. बक्षीस समारंभात तिला सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या छोट्या टेबलावर बसवलं होतं. मोलकरीण ते मोलकरीण, मध्ये बहात्तर वर्षं. टीका स्पेन्सरवर नाहीच, तिच्याकडे कुठली पटकथा चालून येते त्यावर आहे.

आमच्या सोसायटीत कामवाल्या बायकांना वेगळी लिफ्ट आहे आणि बहुतेक घरांत वेगळा कप. तुम्ही मात्र हजारो मैलांवरच्या जॅक्सनबद्दल लिहिता! – एक वाचक, नागपूर

रास्त आहे. पण जॅक्सनबद्दल लिहिल्यामुळे तुम्हाला लिफ्ट आठवली, तर लिहिणं फुकट गेलं नाही. अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आपलं नातं काही आजचं नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना, आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा या आशेने. पगार आणि सुट्टीसाठी पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला होता, त्यांनाही कुणा स्कीटरने शिकवलं नव्हतं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला २००८ मध्ये. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची त्या मंडळात नोंदणी आहे का, एवढं विचारून कळवा. लिफ्टबद्दल सोसायटीच्या सभेत काय झालं तेही कळवा, नाव न घालता छापते.

‘द हेल्प’ आवडला नाही तर याच विषयावर दुसरं काय पाहावं? – एक वाचक, बेळगाव

न आवडायला काय झालं, मला आवडतो आणि रागही येतो. मिनी आणि तिची नवी मालकीण सीलिया यांचे स्वयंपाकघरातले प्रसंग तर मी पुन्हा पाहीन. गोरी मालकीण मोलकरणीच्या शेजारी बसून जेवायला बघते आणि मिनीच तिला दटावते, की तुम्ही बाहेरच्या टेबलावर बसायचं. नियम कुणाच्या हाडीमाशी किती भिनलेत ते इथे दिसतं, आणि हसूही येतं.

दुसरा म्हणाल तर १९९० चा ‘द लाँग वॉक होम’ मिळवून पाहा. माँटगोमेरीचा तोच बहिष्कार, व्हूपी गोल्डबर्ग ही ओडेसा नावाची मोलकरीण आणि सिसी स्पेसेक मालकीण. स्पेसेक ‘द हेल्प’मध्येही आहे, हिलीची आई. इथेही गोष्ट सांगते ती घरातली गोरी मुलगी, मोठी झाल्यावर, तेव्हा ठाण्याच्या बाईंच्या लेकीचा आक्षेप थोडा इथेही लागू आहे. फरक असा की कॅमेरा बराच वेळ ओडेसाबरोबर चालतो. ती सकाळी चालत कामाला जाते, पायांना फोड येतात, संध्याकाळी तेच पाय ओढत घरी येऊन स्वतःच्या पोरांचं करते. मालकीण तिला गाडीतून आणायला लागते, तेव्हा माणुसकीइतकंच वेळेवर उरकायचं घरकामही तिच्या डोक्यात असतं, आणि चित्रपट ते लपवत नाही. खेळ ठेवलात तर मंडळातल्या बायकांना नंतर एवढंच विचारा, की ती गाडी नेमकी कुणाच्या सोयीची होती. आमच्याकडे त्यावरून चहा गार होईपर्यंत भांडण झालं होतं.